ल्युमिनॉलचा निळा उजेड म्हणजे ध्वनिप्रकाश नव्हे

अनुनाद
विज्ञान प्रदर्शनाच्या धाग्यावर एकाने सल्ला दिलाय: अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये (ध्वनिलहरींनी वस्तू साफ करणारं भांडं) पाणी, ल्युमिनॉल (ऑक्सिडीकरण झालं की निळा उजेड देणारं रसायन) आणि चिमूटभर कॉस्टिक सोडा घाला, दिवे मालवा, झालं सोनोल्युमिनेसन्स, म्हणजे ध्वनिप्रकाश: ध्वनिलहरींनी द्रवातले बुडबुडे कोसळताना निघणारा उजेड. त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलीय.

हे साफ चुकीचं आहे. क्लीनरमध्ये बुडबुडे कोसळताना पाण्याचे रेणू तुटतात, हायड्रॉक्सिल मूलकं (रेणूंचे अतिक्रियाशील तुकडे) सुटतात आणि ती ल्युमिनॉलचं ऑक्सिडीकरण करतात. तो उजेड ल्युमिनॉलचा. बुडबुड्याच्या पोटातला तापलेला वायू स्वतः चमकतो तो ध्वनिप्रकाश.

खरा प्रयोग हवा असेल, म्हणजे एकच बुडबुडा मधोमध अडकवून चमकवायचा असेल, तर 100 मिलीचा गोल बुडाचा चंबू घ्या. समोरासमोर दोन पीझो चकत्या (वीज दिली की कंप पावणाऱ्या) आणि बुडाशी मायक्रोफोन म्हणून एक छोटी चकती इपॉक्सीने चिकटवा. इपॉक्सीत हवा अडकली की ताकद तिथेच मरते. दोन्ही चकत्यांची एकच बाजू काचेकडे हवी, नाहीतर त्या एकमेकींविरुद्ध ढकलतात. अनुनाद, म्हणजे चंबूतलं पाणी सगळ्यात जोरात घुमतं ती वारंवारता, 25-26 किलोहर्ट्झच्या आसपास मिळतो. चकत्यांची धारिता (कपॅसिटन्स) मिळून 2 नॅनोफॅरड असेल तर सुमारे 19 मिलिहेन्रीचं कॉइल सिरीजमध्ये लावा. त्याशिवाय ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर कितीही पिळला तरी चकत्यांवर पुरेसा व्होल्टेज चढत नाही. आणि चढला की तारांना हात लावू नका.

चिमटा
पूर्ण असहमत. तुम्ही फक्त एका बुडबुड्यालाच ध्वनिप्रकाश मानताय. 1934 साली जर्मनीत कोलोनला फ्रेंझेल आणि शुल्टेस या संशोधकांच्या फोटोच्या काचांवर ठिपके उमटले ते बुडबुड्यांच्या ढगामुळेच. एकच बुडबुडा मधोमध अडकवून चमकवणं फेलिपे गायतान आणि लॉरेन्स क्रम यांनी अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात केलं, ते 1989 च्या सुमारास. म्हणजे मधली पन्नास वर्षं लोक काय बघत होते?

ल्युमिनॉल न घालता, पाण्यात आर्गॉन वायू मिसळून, पाणी गार ठेवून क्लीनर चालवा. डोळे पंधरा मिनिटं काळोखात स्थिरावू द्या, मग बघा.

अनुनाद
ढगातून उजेड येतो हे मान्य, मी ते नाकारलेलंच नाही. पण त्या धाग्यावर ल्युमिनॉल घातलंय, आर्गॉन नाही. ज्याला मी नावं ठेवली ते तसंच राहतं.

खडूफळा
दोघंही मूळ गोष्ट विसरताय: पाण्यातला वायू. ढगाला वायूने भरलेलं पाणी चालतं, एका बुडबुड्याला ते अजिबात चालत नाही. नळाच्या पाण्यात बुडबुडा वाढत जातो, फुटतो, पिल्लं सोडतो. हवा संपृक्ततेच्या, म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त विरघळू शकते त्याच्या, साधारण 20 ते 40 टक्के हवी. सोपा उपाय: डिस्टिल्ड वॉटर वीस मिनिटं सणसणीत उकळा, गरम असतानाच रबरी बूच घट्ट बसवा, गार होऊ द्या. वाफ निवली की आत आपोआप निर्वात होतं.

ओहोटी
उकळण्याचा हा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे फिरतो आणि त्यातच लोकांचे प्रयोग मरतात! उकळून हवा किती उरली हे कळत नाही. बूच उघडून पाणी चंबूत ओतताना धार वरून पडली की हवा पुन्हा आत. व्हॅक्यूम पंप लावा, चुंबकी ढवळणी चालू ठेवा, दाबमापी बघा. हवेचा नेहमीचा दाब 760 टॉर (दाबाचं एकक), त्यापैकी 150 टॉरवर पाणी ढवळत समतोलाला आणलं की सुमारे 20 टक्के. तुक्का नाही.

खडूफळा
कॉलेजात पंप नसतो. उकळलेलं पाणी काठाने हळूच ओतलं तर काम होतं. फार कमी हवा उरली तर बुडबुडा विरघळून जातो, एवढंच. मग चंबू थोडा वेळ उघडा ठेवा, मानेतून हवा हळूहळू शिरते.

ओहोटी
"थोडा वेळ" म्हणजे किती? हेच तर विचारतोय! मोजमाप नसलेल्या सूचना देणं बंद करा.

आणि फ्रीजमधलं पाणी थेट वापरणाऱ्यांसाठी: पाण्यातला ध्वनीचा वेग 20 अंशांना सुमारे 1482 मीटर प्रति सेकंद, 5 अंशांना 1426. अनुनाद जवळजवळ 1 किलोहर्ट्झ खाली सरकतो. सिग्नल जनरेटर जुन्याच आकड्यावर ठेवून "चकती खराब आहे" म्हणू नका. मायक्रोफोनचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) बघत 10-10 हर्ट्झने शोधा. पाणी तापत जाईल तसं पुन्हा शोधावं लागतं. हा त्रास घ्या, कारण गार पाण्यात उजेड कितीतरी जास्त मिळतो.

अनुनाद
हे पटलं. पंप नसेल तर उकळणंही चालवून घ्यावं लागेल, पण बूच उघडल्यापासूनची वेळ लिहून ठेवा.

तळटीप
आर्गॉनचा मुद्दा अर्धाच राहिला. बुडबुडा कोसळताना नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी आणि पाण्याच्या वाफेशी संयोग पावतात, विरघळणारी संयुगं होतात आणि पाण्यात निघून जातात. हवेतला जेमतेम 1 टक्का आर्गॉन मागे उरतो. म्हणून शुद्ध आर्गॉन वापरणाऱ्याला 20 टक्के नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी संपृक्तता लागते. बाटली आणून हवेचा आकडा लावला तर बुडबुडा टिकणार नाही.

चिमटा
बरोबर. आणि बुडबुड्यात सूर्याइतक्या तापमानात संलयन (अणुकेंद्रं एकत्र जुळणं) होतं म्हणणाऱ्यांना कुणीतरी आवरा. 2005 मध्ये फ्लॅनिगन आणि सस्लिक यांनी आर्गॉन विरघळवलेल्या संहत सल्फ्युरिक आम्लात बुडबुड्याचं तापमान सुमारे 15,000 केल्विन मोजलं. सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त, पण संलयनाला कोट्यवधी अंश लागतात. ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेल्या) अ‍ॅसिटोनमध्ये संलयन झाल्याचा 2002 चा दावा स्वतंत्र प्रयोगांत टिकला नाही आणि 2008 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या चौकशीत तो करणाऱ्या संशोधकाचं गैरवर्तन ठरलं. हा विषय इथे पुन्हा नको.

खडूफळा
बुडबुडा कसा सोडायचा हे कुणीच लिहिलं नाही. ड्रॉपरने चंबूतलंच पाणी वरून थेंबथेंब टाका. एखादा बुडबुडा ओढला जाऊन मधोमध स्थिरावतो. आधी तो थरथरतो. व्होल्टेज हळूहळू वाढवलं की तो एका जागी ठरतो, बारीक होतो, आणि मग निळसर टिंब दिसतं. तिथून आणखी वाढवलं की तो नाहीसा होतो, म्हणून नॉब बोटाच्या टोकानेच फिरवा.