निवडणूक जवळ आली की आमदारांची विकिपीडिया पानं कशी सांभाळता?

सुरंगीचे_वळेसर:
मी मराठी विकिपीडियावर बहुतेक देवळांची आणि गावांची पानं लिहिते. गोव्याची २०२७ ची विधानसभा निवडणूक जवळ येतेय आणि एका आमदाराच्या पानावर आत्तापासूनच धुमाकूळ सुरू झालाय. परवा कोणीतरी ‘गद्दार’ लिहिलं, ते मी काढलं. मग एका नव्या खात्याने पक्षांतराचा अख्खा परिच्छेद उडवून ‘गोरगरिबांचा कैवारी’ घातलं. मी उलटवलं, म्हणजे आधीचा मजकूर परत आणला, त्याने परत उडवलं. हे असंच चालू ठेवायचं का? माझंच खातं अडवलं तर?

बोरीपूल:
ताई, आधी उलटवणं थांबवा. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनापेक्षा जास्त वेळा बदल उलटवले की खातं अडवलं जाऊ शकतं. उघड शिवी काढली तर ती त्यात मोजत नाहीत, मजकुराचा वाद मात्र मोजतात. प्रत्येक लेखासोबत चर्चा पान असतं, तिथे लिहा, स्रोत द्या, दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या.

मी गोव्याच्या २०२२ च्या निवडणुकीत इंग्रजी पानांवर लक्ष ठेवून होतो. मतदान १४ फेब्रुवारीला आणि मोजणी १० मार्चला, त्यामुळे मधल्या काळात निकालाआधीच काही जण ‘विजयी’ लिहून मोकळे व्हायचे. ते सोपं असतं, कुणालाही दिसतं. शिवीसुद्धा दिसते. खरं नुकसान गुपचूप पुसण्याने होतं. पानाच्या इतिहासात, म्हणजे बदलांच्या यादीत बघा: बदलाच्या सारांशात लिहिलेलं असतं ‘शुद्धलेखन’, आणि शेजारी लाल ठळक आकडा, उणे दोन हजार. शुद्धलेखनाने कधी दोन हजार बाइट जात नाहीत. मी तिथेच थांबून दोन आवृत्त्यांमधला फरक उघडतो.

गोव्यात पुसायला हवी असते ती बहुधा एकच गोष्ट, पक्ष बदलल्याची. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा इथे पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदार भाजपात गेले. २०१९ च्या जुलैत दहा गेले होते. मतदाराला यात काय दिसेल ते त्याचं त्याला ठरवू द्या, पण पानावर ते असलंच पाहिजे. ‘विश्वासघात केला’ लिहू नका. तारीख, आधीचा पक्ष, नंतरचा पक्ष, स्रोत, बस्स.

बातमीचे दुवे मरतात, म्हणून वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांकही द्या. पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुने अंक चाळता येतात.

मांडवीतीर:
खटल्यांबाबत सांभाळा. उमेदवाराच्या शपथपत्रातली यादी थेट पानावर ओतू नका. विश्वासार्ह बातमीत आलंय तेवढंच घ्या. गुन्हा नोंद होणं वेगळं आणि दोषी ठरणं वेगळं. जिवंत माणसाबद्दल स्रोत नसलेला वादग्रस्त मजकूर लगेच काढायचा, मग तो नावडत्या पक्षाचा का असेना.

आणि पान अर्धसुरक्षित करायला प्रचालकांना (विकिपीडियाच्या अ‍ॅडमिनना) सांगा. इंग्रजीत मग चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं खातंच तिथे लिहू शकतं. रात्री नवीन खातं काढून लगेच हात मारणारे तिथेच अडतात.

काणकोणचो_भुरगो:
मी एका उमेदवाराचं सोशल मीडिया बघतो. त्याच्या पानावर शिक्षण चुकीचं लिहिलंय. आम्ही दुरुस्त केलं की उलटवतात. आम्ही काय करायचं?

बोरीपूल:
भावा, पगार घेऊन लिहितोस तर ते जाहीर करणं विकिपीडियाच्या वापराच्या अटींतच आहे. सदस्य पानावर कोणासाठी काम करतोस ते लिही. पानाला हात न लावता चर्चा पानावर दुरुस्ती आणि तिचा स्रोत टाक. चूक खरी असेल तर मी स्वतः बदलीन. तुझ्या उमेदवाराबद्दल खोटं राहावं असं आम्हाला वाटत नाही.

सुरंगीचे_वळेसर:
देव बरें करूं. चर्चा पानावर दोन्ही आवृत्त्या आणि अंकांच्या तारखा टाकल्यात. डिचोली आणि सत्तरीची पानं मी निरीक्षणसूचीत घेतली, म्हणजे तिथले बदल मला दिसत राहतील. सासष्टी आणि मुरगाव कोणी घेईल का?