पणजोबांचा मोठा भाऊ "मोरसला" गेला, परत आलाच नाही. माग कसा काढू?

राजापूरकर_८७
नमस्कार मंडळी, आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात. लहानपणी आजीकडून ऐकलेलं की खापरपणजोबांना दोन मुलगे, त्यातला थोरला मुंबईला म्हणून गेला आणि तिथून बोटीत बसून "मोरसला" गेला ऊस तोडायला. तेव्हा तो विशीचाच असेल. नंतर काही पत्र नाही निरोप नाही, आणि आजी दरवेळी शेवटी एवढंच म्हणायची, गेला तो विसरला आम्हाला. घरच्या जुन्या वंशावळीत त्याच्या नावापुढे फक्त "परागंदा" लिहिलंय आणि तिथे रेघ संपते. मला ती रेघ पुढे न्यायची आहे. हे मोरस म्हणजे मॉरिशसच ना? आडनाव सांगून तिकडे कोणी सापडेल का?

जुने_कागद
हो, मॉरिशसच. १८३४ पासून गिरमिटिये (म्हणजे करारावर नेलेले मजूर) जायला लागले, सगळे धरून साडेचार लाखांच्या वर माणसं तिथे उतरली, त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले रत्नागिरी-सावंतवाडीकडचे बरेच. एक सांगतो, आजींना दुखवायचं नाहीये, पण विसरला असं नका म्हणू. पगार महिन्याला पाच रुपये, एक खाडा झाला तर दोन दिवसांचे पैसे कापायचे (डबल कट म्हणायचे त्याला), आणि १८५० नंतर थोड्याच वर्षांत परतीचा फुकट प्रवासही बंद केला. लिहिता न येणारा माणूस त्यात पत्र कसं धाडणार आणि परत कसा येणार.

व्हाक्वाची_सून
मी लग्न होऊन इकडे मॉरिशसला आले, सासरचे मराठीच आहेत, त्यामुळे हे सगळं घरात केलंय म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे आडनावाच्या मागे लागू नका. इथे बापाचं नाव तेच पोरांचं आडनाव झालं, बाप गोविंद तर पुढच्या सगळ्या पिढ्या गोविंद, आणि गावाचं नावही इंग्रज कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. शोधायचा तो नंबर. बोटीतून उतरल्यावर पोर्ट लुईच्या डेपोत, आता त्याला आप्रवासी घाट म्हणतात, प्रत्येकाला एक नंबर मिळायचा आणि तो जन्मभर चिकटायचा, पोरांच्या जन्मनोंदीतसुद्धा बरेचदा सापडतो. ती रजिस्टरं आता मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे आहेत.

आमच्याकडे शोध यांच्या खापरपणजीचा होता. सासूबाईंना एवढंच माहीत होतं की "म्हातारीने गाय पाळली आणि जमीन घेतली". नवरा आणि कडेवरचा मुलगा घेऊन ती आली रत्नागिरी जिल्ह्यातून. १८६७ ला इथे मलेरियाची भयंकर साथ आली, हजारोंनी माणसं गेली, त्यात तिचा नवरा गेला. मुलगा जेमतेम दहाचा. परकं बेट, भाषा क्रिओल, साहेब फ्रेंच, आणि मळ्यातली खोली नवऱ्याच्या नावावर मिळालेली. तिने गाय घेतली, दूध विकलं, खोलीमागे भाजी लावली. पुढे साखरमळेवाले आपल्या जमिनीचे तुकडे पाडून विकायला लागले, इकडे मोर्सेलमाँ म्हणतात, तेव्हा तिने एक लहानसा तुकडा घेतला. त्याचा फ्रेंचमधला कागद आम्हाला मिळाला. त्यात नोटरीने लिहिलंय की या बाईला सही करता येत नाही. ते वाचून सासूबाई रडल्या, मीही रडले, कारण सही न येणाऱ्या त्या बाईच्या जमिनीवर आज आमचं घर उभं आहे.

तिचा फोटो नाही. मुलाचा आहे. १८६७ च्या कायद्याने मुदत संपलेल्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगावं लागे, ते नसेल तर भटक्या म्हणून अटक. तो पोरगा मोठा झाल्यावर त्याचं असं तिकीट निघालं, आणि आईचा नंबर आम्हाला त्याच्याच नोंदीतून लागला.

तुमच्याकडे नंबर नाही, मग त्याचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जात, गाव आणि अंदाजे वय एवढं नक्की करून ठेवा, रजिस्टरात हेच रकाने असतात. मात्र उतारा साधारण वंशजांना मिळतो, म्हणजे इकडचं कुटुंब आधी शोधावं लागेल. कॅस्कावेल, हेनरिएटा, व्हाक्वा या बाजूला मराठी घरं आहेत, मंडळंही आहेत, तिकडे विचारून बघा. २०२४ पासून भारताने इथल्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) खुलं केलंय ना, त्यामुळे आता लोक स्वतःच जुने कागद काढतायत.

राजापूरकर_८७
ताई, दोनदा वाचलं. जन्मनोंदीतला नंबर वगैरे मला काहीच माहीत नव्हतं. खापरपणजीचं, म्हणजे त्याच्या आईचं नाव वंशावळीत नाहीच हो, बायकांची नावं लिहिलेलीच नाहीत. गौरी-गणपतीला गावी जाईन तेव्हा भाऊबंदांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारतो. एक विचारायचं राहिलं, तिकडे गणपतीत आपली जाखडी नाचतात का?

व्हाक्वाची_सून
नाचतात तर! इकडे झाकरी म्हणतात. गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते आणि आमच्याकडे रात्री ढोलकीवर गोल धरतात. गाण्यातले काही शब्द आता गाणाऱ्यांनाही कळत नाहीत, तोंडपाठ आहेत नुसते. गावी गेलात की तुमच्या वाडीतल्या जाखडीचं रेकॉर्डिंग करून पाठवा ना, सासूबाईंना ऐकवते. आणि त्या आईचं नाव मिळालं तर लगेच इथे टाका.