अनुभव: ताजी मासळी कुठे खाल्लीत?

बंदरावरची (मालवण)

मे महिन्यात पाहुणे उतरले की पहिला प्रश्न ठरलेला: "चांगला मासा कुठे मिळेल?" त्यांना हॉटेलचं नाव हवं असतं. मी सांगते, आधी बंदरावर जा, आज काय उतरलंय ते बघा, मग भूक लावून घ्या. बारा महिने तेरा काळ पापलेट देणाऱ्या खानावळीची मला धास्तीच वाटते.

म्हणून हा धागा. कोकणात किंवा जगात कुठेही, मासा खाल्ला आणि ती जागा डोक्यातून गेली नाही, असं ठिकाण सांगा. हॉटेलांची नावं नकोत. बंदर कोणतं, मोसम कोणता, मासा कोणता, कसा शिजवला होता, हे हवं. जहाजावरचे, आखातातले, चाकरमानी, सगळ्यांनी लिहा. नुसतं 'अप्रतिम' लिहिणाऱ्याला सोलकढी मिळणार नाही.

सुरुवात मीच करते. माझी जागा म्हणजे रापण. होडीतून जाळं अर्धगोलात टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. तारली, पेडवे, सौंदाळे, नशीब असेल तर बांगडे. त्या वाट्यातले पेडवे घरी आणायचे. हळद, मीठ, तिखट, आमसुलं, ठेचलेली तिरफळं आणि वरून कच्चं खोबरेल. कांदा नाही, वाटण नाही. मातीच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटांत तिखलं तयार. पेडव्याला काटे फार, म्हणून हॉटेलवाले तो ठेवत नाहीत. आमचं भाग्य.

हर्णैचा जावई

हर्णैचा लिलाव बघितला नसेल तर दापोलीला गेलात कशाला? समोर सुवर्णदुर्ग, लांब नांगरलेल्या बोटी, आणि छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून मासळी रेतीवर येते. तिथेच ढीग लागतात आणि बोली सुरू होते. नवख्याला आकडे कळत नाहीत, कळले तरी तोंड उघडू नये, कारण अख्खी टोपली गळ्यात पडेल. लिलावातून घेतलेला माल बायका बाजूला वाटे लावून विकतात, आपलं गिऱ्हाईक तिथलं. सासऱ्यांनी शिकवलेलं एवढंच: डोळ्यांपेक्षा कल्ले बघ, आणि पोट दाबल्यावर बोटाचा खड्डा राहिला तर पुढे चल.

घेतलेली मासळी जवळच्या खानावळीत दिली की शिजवण्याचे पैसे घेऊन करून देतात. म्हाकूल (स्क्विड) घेतलंत तर स्पष्ट सांगा, जास्त शिजवू नका. नाहीतर रबर चावत बसाल.

दर्यावर्दी (रत्नागिरी)

बोटीवर नोकरी केली, त्यामुळे बंदरं पुष्कळ पाहिली आणि बंदरांपलीकडचे देश फारसे नाहीत. बायकोला हे अजून पटत नाही.

पहिलं नाव दक्षिण कोरियातल्या बुसानचं. तिथला जागालची मासळी बाजार. खालच्या मजल्यावर टाक्यांत जिवंत मासळी, वरच्या मजल्यावर बसून खायचं. खाली मासा निवडा, पैसे द्या, तो वर येतो. वरचे लोक बसण्याचे आणि करण्याचे वेगळे पैसे घेतात. हर्णैच्या जावयांनी सांगितलं तोच व्यवहार, फक्त लिफ्ट आहे. विकणाऱ्या बहुतेक बाया, वयस्कर, रबरी बूट, तोंडाने फटकळ. भाव करायला गेलो तर बाईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी आमच्या मिरकरवाडा बंदरात लहानपणापासून ओळखतो. कोरियन युद्धात घरदार गमावलेल्या बायकांनी तिथे मासे विकून संसार उभे केले, असं तिथले लोक सांगतात. आमच्यातल्या एकाने जिवंत ऑक्टोपसचे वळवळणारे तुकडे तिळाच्या तेलात बुडवून खाल्ले. मी भाजलेली वाम घेतली. धाडसाची हौस बोटीवर भागते.

आता थोडं वाकडं बोलतो. 'बोटीतून थेट तव्यावर' हा आपला हट्ट सगळीकडे खरा नाही. टोकियोचा घाऊक बाजार 2018 मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला हलला. तिथे लिलावात येणाऱ्या ट्युनातला बराचसा खोल समुद्रातल्या बोटींवरच उणे 60 अंशांपर्यंत गोठवलेला असतो. दगडासारखा कडक. तोच पुढे कापून कच्चा खातात, आणि त्याला शिळा म्हणायची माझी हिंमत नाही. दोन दिवस वितळत्या बर्फात लोळलेल्या 'ताज्या' सुरमईपेक्षा तो कितीतरी बरा. मासा धरल्यावर त्याला कसं वागवलं, यावर सगळं आहे. आपल्याकडे बोटीवर बर्फ कमी आणि घाई जास्त.

बंदरावरची

दर्यावर्दीकाका, बर्फाचं मान्य. पण गोठवलेल्या माशाचं तिखलं करून दाखवा, मग बोलू.

दर्यावर्दी

तिखल्याला गोठवलेला नको. हरलो.

मस्कतमधला खेडकर

आमच्या तालुक्यातल्या घराघरांतलं कोणीतरी आखातात आहे, म्हणून हे सांगायलाच हवं. मस्कतला मुतराहच्या समुद्रालगत मासळी बाजार आहे, सकाळी लवकर जावं. आपली सुरमई तिथे 'कनाद' होते आणि गोबऱ्याचा भाऊबंद 'हामूर'. विकत घ्यायची, कापणाऱ्याकडे द्यायची, तो पोट साफ करून तुकडे करून देतो. खोलीवर आम्ही खेडहून आणलेला मसाला लावून तळायचो. शेजारचा मल्याळी वासावर यायचा आणि त्याच्या कुडंपुळीची, म्हणजे केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या आंबट फळाची, तारीफ करायचा. आमसूल की कुडंपुळी, हा वाद अजून मिटलेला नाही.

मला तिथलं सगळ्यात आवडलं ते वेगळंच. 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर कनाद धरायला आणि विकायला बंदी असते, कारण अंडी घालण्याचा काळ. मासेवाल्याकडे गेलो तर तो हात हलवायचा, नाही म्हणजे नाही. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै सगळ्या यांत्रिक बोटी बंद, तिथे एका माशाला त्याचा स्वतःचा मोसम.

सुकती

कालवं. कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार मागे जातं तेव्हा आमच्या गावच्या बायका खडकांवर कालवं काढायला जातात. हातात छोटी कोयती, डोक्याला फडकं. शिंपली खडकाला इतकी घट्ट चिकटलेली असते की शहरातला माणूस तिला दगडच समजेल. एक टोक फोडायचं, आतला मऊ गर अलगद डब्यात. उन्हात तासन्तास वाकून जमतं ते जेमतेम वाटीभर. म्हणून कालवं विकत घेताना घासाघीस करणाऱ्याचा मला राग येतो.

मुलाकडे फ्रान्सला गेले होते तेव्हा त्याने कांकालला नेलं, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर. तिथे कालवांची शेतीच आहे, ओहोटीला रांगाच्या रांगा उघड्या पडतात. दीपस्तंभाजवळ टपऱ्या, त्यांवर कालवं आकाराप्रमाणे आकडे लावून मांडलेली. आकडा जितका लहान तितकं कालव मोठं, हे आधी समजलं नाही तर पंचाईत. बाई समोर फोडून देते, लिंबू पिळायचं, कच्चंच गिळायचं आणि रिकामी शिंपली खाली किनाऱ्यावर फेकायची. शिंपल्यांचा खच पडलेला. लांब समुद्रात मों सें-मिशेल, तो बेटावरचा जुना मठ, दिसत होतं. कच्चं कसं खाऊ म्हणून मी आधी नाक मुरडलं, पण पहिल्याच कालवात खारट पाण्याची ती चव आली, लहानपणी खडकावर आईने गुपचूप तोंडात घातलेल्या कालवाची. तरीही वाटण घातलेलं कालवाचं सुकं आणि तांदळाची भाकरी, यापुढे लिंबू कमीच पडतं. मुलगा म्हणाला, आई, इथे हे मोठ्याने बोलू नकोस.

चाकरमानी

इस्तंबूलला गलाता पुलाजवळ पावात भाजलेला मासा देतात. कांदा, लिंबू, पाव, बोटींची गर्दी, वरून समुद्रपक्ष्यांचा आरडाओरडा. मजा आली. नंतर कळलं की तिथे वापरतात तो बांगड्याच्या जातीचा मासा बहुतेक नॉर्वेतून गोठवून येतो. दर्यावर्दीकाकांचा पक्ष मजबूत.

तिरफळ

फोर्ट कोचीची चिनी जाळी. जाळ्याखालून आलेली मासळी मागच्या टपरीत भाजून घेतली. जाळ्यात फारसं काही येत नव्हतं. बहुतेक माल दुसरीकडून आलेला वाटला. जागा सुंदर, मासा ठीक.

अर्नाळ्याची सून

दक्षिण कोकणवाल्यांनो, उत्तरेलाही समुद्र आहे! सातपाटीचं पापलेट विसरलात? 2023 मध्ये सरकारने रुपेरी पापलेटाला राज्यमासा केलं. मान दिला, चांगलं झालं, पण बोटभर पिल्लं बाजारात येणं थांबलं तर खरा मान.

माझी आठवण मात्र सुक्याची. आमच्याकडे ओले बोंबील दोन-दोन करून जबड्यात जबडा अडकवतात आणि बांबूंच्या मांडवावर वाळत घालतात. मीठही लावत नाहीत, ऊन आणि वारा. आम्ही नॉर्वेत लोफोतेनला गेलो तर तिथे लाकडी मांडवांवर कॉड मासे, शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने टांगलेले! तिथेही मीठ नाही, फक्त थंडी आणि वारा. वासावरून डोळे मिटून सांगितलं असतं की मी अर्नाळ्यात आहे. मुंडकी वेगळी वाळवून नायजेरियाला पाठवतात म्हणे. ओला कॉड तिथे नुसता उकडून बटाट्याबरोबर वाढला. मासा एक नंबर, पाकळ्या सुटत होत्या, पण मसाला शोधत जीभ फिरत राहिली. नवऱ्याने बॅगेतून लसणीची चटणी काढली. वाढणारी मुलगीसुद्धा चाखून गेली.

खारेपाट

जिताडा, पेण-अलिबागकडचा. घरच्या तळ्यातला असेल तर जगातली बाकी ठिकाणं तुम्हाला लखलाभ. हा मासा ज्याला त्याला मिळत नाही, व्याह्याला आणि साहेबाला मिळतो.

नवखी

सगळं वाचून भूक लागली. आम्ही जुलैच्या शेवटी गुहागरला येणार आहोत. ताजा मासा मिळेल ना?

बंदरावरची

बाई गं, तेव्हा बोटी वर ओढून झाकलेल्या असतात. मोठा दर्यातला मासा मागू नका. कोणी 'आजचाच पापलेट' म्हणून आग्रहाने वाढला तर तो बर्फातला समजा. बिनयंत्राच्या होड्यांना बंदी नसते, त्यामुळे खाडीतलं काही ना काही येतं: चिंबोऱ्या, कोळंबी, शेंगटी. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे मिळतात, पण ते जूनमध्येच संपतात. सोडे (सुकी कोळंबी) घालून केलेली वांगी मागा, जवळ्याची चटणी मागा. पावसात तेच खायचं असतं.

हर्णैचा जावई

आणि ऑगस्टमध्ये बोटी सुटतात तेव्हा अर्ध्या घरांत श्रावण असतो, मग गणपती. त्या दिवसांत मासळी तुलनेने स्वस्त मिळते. तुमच्याकडे श्रावण पाळत नसतील तर तारीख थोडी पुढे ढकला.

नवखी

आमच्याकडे सासूबाई पाळतात. मी नाही.

बंदरावरची

मग सासूबाईंना आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. तुम्ही ऑगस्टच्या शेवटी इकडे मालवणातच येवा. येण्याआधी विचारा, बांगडो नसलो तर मी नाय म्हणान सांगतलंय.