मदत हवी आहे: सेल्फ दाबला की नुसता 'टक', कधी सुरू होते कधी नाही (नाशिक)

गाडी १५० सीसी, कार्बोरेटरची, किक आणि सेल्फ दोन्ही. रोज सिडको ते सातपूर एमआयडीसी. सेल्फ दाबला की सीटखाली एकच 'टक', पुढे काही नाही. चार-पाचदा दाबल्यावर मध्येच फिरतो. किकला मात्र लगेच सुरू. पावसाळ्यापासून जास्त होतंय. बॅटरी नवी, १२.६ व्होल्ट. प्लगही बदलला. आता गॅरेजवाले सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदला म्हणतात. बदलू का?

प्रतिसाद १
सीडीआयला हात लावू नका. किकला लगेच सुरू होते म्हणजे ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक आहेत. क्लच स्विच, साइड स्टँड वगैरेही सोडून द्या. तो 'टक' रिलेचा, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचा आहे. तिथे खोट असती तर रिले वाजलाच नसता. बटण दाबल्यावर न्यूट्रलचा दिवा मंद होतो का, तेवढं सांगा.

प्रश्नकर्ता
अजिबात नाही. आहे तसाच राहतो.

प्रतिसाद २
मग मोटर करंट ओढतच नाहीये. बॅटरी बसलेली किंवा मोटर जाम असती तर दिवा विझायला आला असता. उरले तिघे: रिलेचे जळलेले कॉन्टॅक्ट, इंजिनची अर्थिंग (इंजिन ते बॅटरी निगेटिव्हची जोडणी) आणि मोटरमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे).

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये. लाल टोक सेल्फ मोटरच्या नटवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्हवर. बटण दाबा. मोजमाप मोटर फिरत नाही तेव्हाचंच हवं, सेल्फ नीट चालताना घेतलेलं काही कामाचं नाही.

शून्य आलं तर रिले किंवा तिथून येणारी जाड वायर. १२ च्या आसपास आलं तर काळं टोक उचलून मोटरच्या बॉडीवर, रंग नसलेल्या जागी टेकवा. आता शून्य झालं तर अर्थिंग तुटली आहे. इथेही १२ च असेल तर ब्रश.

प्रश्नकर्ता
दोन्हीकडे १२.५. पान्याच्या दांड्याने मोटरवर हलकं ठोकल्यावर लगेच फिरली.

प्रतिसाद १
म्हणजे ब्रशच. झिजून आखूड झाले असतील किंवा होल्डरमध्ये अडकत असतील. ओ-रिंग (मोटरचं रबरी सील) कडक झाली की पावसाचं पाणी, वॉशिंगचा प्रेशर मोटरमध्ये शिरतो आणि गंज धरतो. पूर्ण मोटर घ्यायची घाई नको. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग मोटर. ब्रश स्प्रिंगसकट नवे टाका, होल्डरमध्ये बोटाने दाबल्यावर मोकळे सरकले पाहिजेत. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) बारीक पॉलिश पेपरने पुसा, खाचांतली काळी पूड काढा. त्यावर ग्रीस कधीच लावू नका. ओ-रिंग दोन्ही नव्या.

प्रतिसाद २
कम्युटेटरवर खोल चर पडले असतील तर मात्र आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बदलावंच लागेल. नवे ब्रश तिथे फार टिकत नाहीत. बसवल्यावर सेल्फ मारताना बॅटरीवर साधारण १० व्होल्टच्या वर राहिले पाहिजेत. आणि एका दमात पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.