बर्मा फ्रंटचा बोफायटर: साफ ठेवावा की मळवावा?

तिलकनगरकर
१/७२ चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचा, बोफायटर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) जोडून झाला, आता रंगावर अडलंय. आपल्या इंदूरच्या मंडळींचं एकच, काका वेदरिंग मारा, म्हणजे मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं मळवा, पंखांवर रंग उडून धातू दिसतो तसे चंदेरी टवके काढा, मागे काळा धूर दाखवा. मला नाही पटत. हल्ली जे मॉडेल बघावं ते भंगारवाल्याकडून उचलून आणल्यासारखं. अहो त्या विमानांवर रोज मेकॅनिकचा हात फिरायचा, आणि लढाईत ती फार वर्षं टिकायचीही नाहीत, मग टवके उडायला वेळ कुठे होता? वर पॅनेल लाइनमधे, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघांत, काळा वॉश (पातळ रंग) भरतात. ०.२ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिमीची फट, बोट जाईल! मी साफच ठेवणार.

भिया_रामबाग
काका, साफ म्हणजे शोरूममधला का? ब्रिटिश हवाई दलाच्या २७ स्क्वाड्रनची बोफायटरं आगरतळ्याहून उडायची. विमानं उघड्यावर उभी, आधी ऊन मग तिकडचा पाऊस, आणि काम काय तर झाडांच्या शेंड्यांवरून जाऊन आगगाड्या नि नदीतल्या होड्या फोडायच्या. पोटाखाली २० मिमीच्या चार तोफा आहेत, त्यांची काजळीसुद्धा नाही दाखवायची? तुम्ही तर सरळ कॅटलॉगचा फोटो बनवून राहिले आहात.

लाकडी_मॉस्किटो
टवके काढणाऱ्यांनी आधी खाली काय आहे ते तरी बघावं. बोफायटर धातूचा, तिथे चंदेरी टवका एकवेळ चालेल. पण मी मॉस्किटो या दुसऱ्या ब्रिटिश विमानाच्या पंखांवरही चंदेरी टवके पाहिलेत, तो प्लायवुडचा, चंदेरी येणार कुठून? उलट इकडच्या हवेत त्याचे लाकडी सांधेच सुटायला लागले, १९४४ मधे विमानं थांबवून तपासावी लागली. खरं नुकसान रंगाखाली होतं, टवके काढायचा तुमचा स्पंज तिथपर्यंत पोचत नाही.

भिया_रामबाग
ताई, विषय बोफायटरचा आहे.

हर्क्युलिस१४
मळवा नाहीतर नका मळवू, पण काउलिंगची (इंजिनावरच्या गोल आवरणाची) पुढची कडा काळी किंवा हिरवी रंगवू नका, बहुतेक जण तिथेच फसतात. बोफायटरच्या हर्क्युलिस इंजिनाचा एक्झॉस्ट (जळलेला धूर) पुढून निघतो. चौदाही सिलिंडरांचा धूर त्या गोल रिंगमधे जमतो आणि मग बाजूच्या पाइपाने मागे जातो, म्हणजे ती कडा हीच एक्झॉस्टची रिंग. तापून तापून तपकिरी-तांबूस झालेली. धुराचा डाग त्या पाइपामागेच येईल, दर सांध्यातून नाही. आणि काका, किटमधे युरोपातले डेकल (विमानावर चिकटवायची चिन्हं) असतील तर ते लावू नका. जपान्यांच्या लाल गोळ्याशी घोटाळा नको म्हणून इकडच्या विमानांवरच्या चिन्हातला लाल काढून टाकला होता, निळ्यात फिकट ठिपका एवढंच.

तिलकनगरकर
डेकल बदलतो. रिंग तांबूस करतो, पाइपामागे धुराची एक रेघही देतो कारण ती इंजिनामुळेच आहे. टवका मात्र एकही नाही.

भिया_रामबाग
टवके राहू द्या, पण वरचा हिरवा तरी फिका करा. बर्म्याच्या उन्हात एवढा गडद हिरवा राहीलच कसा?

तिलकनगरकर
नवीन विमान आलं असं समज! आणि वार्निश आत्ता मारत नाही, आठवडाभर झड लागलीये, दमट हवेत लॅकर पांढरा पडतो. दोन दिवस ऊन दिसलं की मारीन, तोवर काय भांडायचं ते भांडा.