कॉलेज अर्धवट सुटतं ते परकेपणामुळे की पैशापायी?

उंबरठा (धागाकर्ता)
एखाद्याने कॉलेज मध्येच सोडलं की 'झेपलं नसेल' म्हणून आपण मोकळे होतो. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 च्या निबंधात आणि पुढे 1987 च्या पुस्तकात या समजाला धक्का दिला. नापास झाल्यामुळे काढून टाकलेले आणि आपणहून निघून गेलेले, हे दोन गट त्यांनी वेगळे काढले. आपणहून जाणाऱ्यांत बरे गुण असलेली मुलंही असतात. त्यांना तिथे आपलं असं कुणी भेटलेलं नसतं, ना वर्गात ना वर्गाबाहेर. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमच्या आत्महत्येबद्दलच्या सिद्धांताचा आधार घेऊन टिंटो म्हणतात, की माणूस समूहात रुजला नाही की तो तुटतो. मला हे मनापासून पटतं. गुणपत्रिका बघून कोण जाणार ते ओळखता येत नाही.

पाटीपेन्सिल
पटलं नाही. हे चित्र वसतिगृहात राहणाऱ्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं आहे. तास संपला की थेट कामावर धावणाऱ्या बाईने 'रुजायचं' कधी? बीन आणि मेट्झनर या अभ्यासकांनी 1985 मध्ये हेच दाखवलं: वयाने मोठे, अर्धवेळ शिकणारे, घरून येजा करणारे विद्यार्थी टिकतात की नाही, ते नोकरीचे तास, पैसा आणि घरच्या जबाबदाऱ्या ठरवतात. अशांना संमेलनं आणि मंडळं देऊन काय होणार?

शेवटचा_बाक
टिंटोंवर याहून मोठा आक्षेप आहे. बालपणातून प्रौढपणात नेणाऱ्या विधींची कल्पना त्यांनी मानवशास्त्रज्ञ व्हान खेनेपकडून घेतली. 1992 मध्ये शिक्षणाचे अभ्यासक विल्यम टिअर्नी यांनी विचारलं, की असे विधी माणसाच्या स्वतःच्या समाजात होतात, मग अमेरिकेतल्या आदिवासी मुलाला परक्या संस्कृतीत ढकलणं हा तसा विधी कसा? आणि तो टिकला नाही तर दोष त्याचा कसा? कॉलेजने स्वतः बदलायचं की नाही, हा प्रश्न त्या मांडणीत मागेच पडतो.

उंबरठा
टिअर्नींचा मुद्दा मान्य. पण पाटीपेन्सिल, संमेलनांबद्दल मी बोलतच नाहीये. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत टिकवण्यासाठीचा, 2007 पासूनचा 'असॅप' कार्यक्रम बघा. एमडीआरसी या संशोधन संस्थेने तीन कम्युनिटी कॉलेजांतल्या (दोन वर्षांची पदवी देणाऱ्या सरकारी कॉलेजांतल्या) कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. तीन वर्षांत कार्यक्रमातले 40 टक्के पदवीधर झाले, बाहेरचे 22 टक्के. या कार्यक्रमात एका सल्लागाराकडे 60 ते 80 विद्यार्थी होते. एरवी तिथे 600 ते 1,500 असत. एवढ्या गर्दीत सल्लागाराला कुणाचं नाव तरी लक्षात राहील का?

पाटीपेन्सिल
आणि उरलेली फी? पाठ्यपुस्तकं? मेट्रोचा पास? तेही त्याच कार्यक्रमात होतं, ते तुम्ही गाळलंत. मेट्रोत बसायला पैसे नसतील तर सल्लागारापर्यंत पोहोचणार कोण!

उंबरठा
गाळलं, कारण पासाला एक अट होती. कार्यक्रमात नीट भाग घेतला, सल्लागाराला भेटत राहिलं, तरच पास. म्हणजे पैशाने माणसाला दारापर्यंत आणलं, पण आत कुणीतरी वाट बघत होतं. दोन्ही सुटे करून मोजता येतील असं मला वाटत नाही.

शेवटचा_बाक
खर्चाचंही सांगा. दर विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सुमारे 16,300 डॉलर जास्त लागले. तरी पदवीधर इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. म्हणून 'परवडत नाही' हे कारण मला पटत नाही.

पाटीपेन्सिल
आकडे चांगलेच आहेत, नाकारत नाही. पण असॅपमध्ये शिरायचं तर पूर्णवेळ शिकावं लागतं. मी ज्या बाईबद्दल बोलले, ती पूर्णवेळ शिकूच शकत नाही. तिच्यासाठी ना पास, ना 60 जणांचा सल्लागार. तिला अर्धवेळ शिकताना हे सगळं कसं द्यायचं, त्यावर बोला.