मॉर्मन ग्रंथाला पुराव्याचा आधार आहे काय?

प्रश्न (कोल्हापूर) : मॉर्मन पंथाचे अमेरिकन संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली प्रसिद्ध केलेला मॉर्मन ग्रंथ प्राचीन अमेरिकेचा इतिहास असल्याचे अनुयायी मानतात. टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातील पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. तसा एखादा पुरावा या ग्रंथाला आहे काय?

उत्तर : नाही. ज्यांवरून हा ग्रंथ भाषांतरित केला ते मूळचे सोन्याचे पत्रे देवदूताने परत नेले, असे स्मिथ यांचेच म्हणणे असल्याने, शिलाहारांचा ताम्रपट लिपीवरून आणि धातूवरून तपासता येतो तसा तपास येथे मुळातच खुंटतो. शिवाय ग्रंथातील घोडे आणि गहू कोलंबसाच्या पूर्वीच्या त्या अमेरिकेत सापडत नाहीत.

दुसरे उत्तर : तरीही ते पत्रे पाहिल्याची साक्ष देणारे अकरा साक्षीदार होते, आणि त्यांतील प्रमुख तिघे स्मिथ यांच्यापासून दुरावूनही साक्षीवर ठाम राहिले, हे टीकाकार फार सहज बाजूला सारतात.

पहिल्याचे प्रत्युत्तर : प्रामाणिक साक्षही पुराव्याची जागा घेत नाही. इजिप्शियन पपायरसांवरून (कागदासारख्या प्राचीन लेखनपटांवरून) भाषांतरित केल्याचे स्मिथ सांगत, त्या अब्राहमच्या ग्रंथाचे पाहा : स्मिथ यांच्याकडील पपायरसांचे तुकडे १९६७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून मॉर्मन चर्चला मिळाले, आणि त्यांवर अब्राहमचे नावही नसून इजिप्शियन अंत्यविधीचे मजकूर निघाले. हरवलेल्या भागात अब्राहमचा मजकूर असावा, हा अनुयायांचा बचाव मला तरी ओढूनताणून आणलेला वाटतो.